संगणकाच्या फाइलीतील खाडाखोड

वाण्याच्या खातेवहीत कोणी आकडा बदलला, तर खाडाखोड दिसते. संगणकाच्या फाइलीत खाडाखोड मुळी राहतच नाही! जुने अक्षर जाते, नवे येते. मागे खूण उरत नाही.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरवणारा संगणक. कोणाला आत घ्यायचे, कोणते दार बंद ठेवायचे, हे तो साध्या मजकुराच्या काही फाइली वाचून ठरवतो. त्यात एका ओळीत ‘नाही’च्या जागी ‘होय’ झाले, की परक्याला मुख्य चालक म्हणून आत शिरण्याची वाट मोकळी होऊ शकते. बदल ओळखावा कसा? फाइलीवरची तारीख पाहावी, तर तीही मागे नेता येते.

कागद-पेन्सिल घ्या. समजा, फाइलीत ३, ५, ८ हे आकडे आहेत. बेरीज १६. कोणी ३, ८, ५ केले तरी बेरीज १६च! आता पहिला आकडा १ ने, दुसरा २ ने, तिसरा ३ ने गुणून बेरीज करा. आधी ३७ येते, नंतर ३४. चोरी पकडली! पण चोर हुशार असेल तर? १, ६, ८ घेऊन पाहा, पुन्हा ३७. म्हणून प्रत्यक्षात ‘एसएचए-२५६’सारखी फार गुंतागुंतीची रीत वापरतात. फाइल केवढीही असो, उत्तर २५६ बिटांचे. शक्य उत्तरांची संख्या ७८ अंकी! एक स्वल्पविराम बदलला तरी उत्तर पार पालटते. हा झाला फाइलीचा ठसा.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि यूजीन स्पॅफर्ड यांनी १९९२ साली ‘ट्रिपवायर’ ही आज्ञावली याच तत्त्वावर रचली. ठसे आधी नोंदवायचे, ठरावीक वेळाने पुन्हा काढायचे आणि ताडून पाहायचे.

खरे कौशल्य लागते ते पहारा कशावर बसवायचा हे ठरवताना. घडामोडींची नोंद ठेवणारी फाइल सतत वाढत असते. तिच्या मजकुरावर पहारा बसवला तर दिवसभर घंटा वाजेल आणि चालक तिकडे लक्ष देणे सोडील. तेथे फाइलीचा मालक आणि परवानग्या तेवढ्या तपासाव्यात. चालकाने स्वतः बदल केला, तर नवा ठसा लगेच नोंदवावा. पहिला ठसा मात्र सर्व्हर जाळ्याला जोडण्यापूर्वीच घ्यावा. शून्यत्रुटी न पाहता मोजमाप सुरू करणाऱ्यांना मी प्रयोगशाळेत रागावतो, ते याचसाठी. आणि ठशांची यादी त्याच सर्व्हरवर उघडी ठेवू नये. आत शिरलेला माणूस फाइलीबरोबर यादीही बदलून ठेवील!