आजी आयर्लंडची, पासपोर्ट युरोपचा!

ब्रेक्झिटनंतर अनेक ब्रिटिशांना आजी-आजोबांचे जन्मदाखले आठवले. आयर्लंडमध्ये राहायला, काम करायला त्यांना आजही व्हिसा लागत नाही; ओढ आहे ती उरलेल्या युरोपची.

लंडनमध्ये कितीही वर्षे काढली, तरी त्यावर आयरिश नागरिकत्व मिळत नाही. नाते दाखवावे लागते. आई किंवा वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील, तर साधारणपणे थेट पासपोर्टसाठीच अर्ज करता येतो. आजी किंवा आजोबा तिथले असतील (उत्तर आयर्लंडही चालते), तर आधी ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’मध्ये नोंद हवी.

खरी मेख पुढे आहे. नागरिकत्व नोंदणीच्या दिवसापासूनच लागू होते. त्याआधी जन्मलेल्या मुलाला ते तुमच्याकडून मिळत नाही. घरात पाळणा हलणार असेल, तर अर्ज लांबवू नका. ब्रिटिश पासपोर्ट मात्र सोडावा लागत नाही.