बर्फाखालचा बोअर

1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत 617 मीटर खोल बोअर घेतला. वर 338 मीटर काळा पाषाण, त्याखाली आठेक मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक, हे त्या बोअरमुळे कळलं. अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीवर जानेवारी 2020 मध्ये असाच 587 मीटरचा बोअर घेतला गेला. तिथे खाली समुद्र लागला, आणि त्यात ‘आइसफिन’ नावाचा यंत्रमानव सोडण्यात आला.

बर्फातला बोअर गरम पाण्याच्या झोताने पाडतात. तो पुन्हा गोठायच्या आत काम उरकावं लागतं. बर्फाखालच्या बंदिस्त सरोवरात उतरायचं असेल तर ते पाणी आधी गाळून निर्जंतुक करतात. रशियाने 2012 मध्ये व्होस्टोक सरोवर गाठलं, पण बोअरमध्ये केरोसीन भरलेलं असल्याने तिथल्या नमुन्यांतले जंतू नेमके सरोवरातलेच का, ही शंका राहिली.

आइसफिन साडेतीन मीटर लांब आणि जेमतेम 23 सेंटीमीटर जाडीचा. तरी आपल्या शेतातल्या साडेसहा इंची बोअरमध्ये तो मावणार नाही. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, म्हणून तो ध्वनिलहरी सोडतो आणि प्रतिध्वनीवरून आपला वेग ओळखतो. चित्रं आणि मोजमापं केबलमधून वर येतात. हिमनदीचा सपाट तळ हळू वितळतो, भेगा आणि पायऱ्यांसारखे कडे मात्र झपाट्याने, हे त्यानेच दाखवलं. समुद्राची पातळी किती चढेल याचा अंदाज बांधताना ही माहिती फार मोलाची आहे.

जोखीमही तेवढीच. उघड्या समुद्रात बिघडलेलं यान सहसा वर तरंगून येतं. इथे डोक्यावर बर्फाचं छत. स्वीडनचं ‘रान’ हे बिनकेबलचं यान 2022 मध्ये डॉट्सन हिमपट्ट्याखाली हजारावर किलोमीटर फिरलं. 2024 मध्ये ते पुन्हा आत गेलं आणि परतलंच नाही.

भारतही यात मागे नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने 500 मीटर खोलीपर्यंत जाणारं ‘प्रोव्ह’ हे केबलवर चालणारं ध्रुवीय यान बनवलं आणि 2015 मध्ये अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘मैत्री’ तळाजवळच्या प्रियदर्शिनी सरोवरात उतरवलं. आपल्या अंटार्क्टिका मोहिमा गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून आखल्या जातात. मोहिमांसाठी हे केंद्र विद्यापीठं आणि संशोधन संस्थांकडून प्रस्ताव मागवतं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या आणि लातूरच्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी, विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, असा प्रस्ताव जरूर पाठवावा.