कोरियन गाड्यांनी परदेशात नाव कसं कमावलं? आणि आपण गाडी घेताना काय बघायचं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. परदेशी बायरकडून पहिली ऑर्डर रेट कमी लावूनही मिळते. पण धुतल्यावर रंग गेला, तर दुसरी ऑर्डर येत नाही. ह्युंदाईच्या बाबतीत अमेरिकेत असंच झालं होतं.

आधी स्वस्त, मग बदनाम

1986 मध्ये ह्युंदाईने 'एक्सेल' ही छोटी गाडी अमेरिकेत आणली. सुरुवातीची किंमत 5 हजार डॉलरच्या आत. पहिल्याच वर्षी दीड लाखाहून जास्त गाड्या खपल्या. पण लवकरच बिघाडाच्या तक्रारी वाढल्या आणि टीव्हीवरच्या कॉमेडी शोमध्ये ह्युंदाईवर विनोद व्हायला लागले.

वॉरंटीने चित्र कसं बदललं?

1998 च्या शेवटी कंपनीने अमेरिकेत 10 वर्षं किंवा 1 लाख मैल (साधारण 1.6 लाख किलोमीटर) अशी पॉवरट्रेन वॉरंटी जाहीर केली. पॉवरट्रेन म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांपर्यंत ताकद पोचवणारे भाग. पूर्ण मुदत फक्त पहिल्या मालकाला.

यातलं लॉजिक सोपं आहे. गाडी बिघडली तर खर्च कंपनीच्या खिशातून. त्यामुळे क्वालिटी सुधारणं ही कंपनीचीच गरज बनली. ग्राहकालाही जाहिरातीपेक्षा हा लेखी शब्द जास्त पटला. पुढे 2006 मध्ये किआने ऑडीचे माजी डिझायनर पीटर श्रायर यांना आणलं आणि गाड्यांचं रूपही पालटलं.

एक चिप वाचवली आणि...

इमोबिलायझर म्हणजे काय? चावीत एक छोटी चिप असते. गाडीचा कॉम्प्युटर तिचा कोड तपासतो. कोड जुळला तरच इंजिन चालू होतं. मोबाईलच्या फिंगरप्रिंट लॉकसारखंच समजा.

अमेरिकेत विकलेल्या ह्युंदाई आणि किआच्या बऱ्याच स्वस्त व्हेरिएंटमध्ये ही सोयच नव्हती. 2021-22 मध्ये अशा गाड्या चोरण्याचे व्हिडिओ टिकटॉकवर फिरले आणि चोऱ्या प्रचंड वाढल्या. 2023 मध्ये कंपन्यांना मोफत सॉफ्टवेअर अपडेट द्यावा लागला. वीसेक वर्षं कमावलेल्या नावाला एका न बसवलेल्या पार्टमुळे धक्का बसला.

आपल्याकडे काय?

भारतात 1998 च्या सँट्रोपासून ह्युंदाई घराघरात पोचली. आता तर पुण्याजवळ तळेगावचा जनरल मोटर्सचा जुना प्लांटही तिच्याकडे आहे. पण ब्रँड एकच असला तरी प्रत्येक गाडी सारखी नसते. ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये 2014 साली एअरबॅग नसलेल्या बेस आय10 ला शून्य स्टार मिळाले. 2022 मध्ये क्रेटाला 3, तर 2023 मध्ये व्हर्नाला 5.

म्हणून शोरूममध्ये मोठी स्क्रीन आणि सनरूफ बघून हुरळून जाऊ नका. आधी हे तीन प्रश्न विचारा:

1. मी घेतोय त्याच मॉडेलचं क्रॅश रेटिंग किती, आणि टेस्ट कोणत्या वर्षाची?
2. माझ्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग किती? इमोबिलायझर आहे का?
3. वॉरंटीत नेमकं काय येतं? गाडी विकली तर ती पुढच्या मालकाला मिळते का?

उत्तरं तोंडी नको, ब्रोशर आणि वॉरंटी बुकमध्ये दाखवायला सांगा. ईएमआय पाच-सात वर्षं भरायचा आहे, दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील.