रसविघ्न आणि पिढीचे अंतर : हिप-हॉपचे जुने रसिक आणि नवे रॅप

(१)

एखादी कला पन्नास वर्षांची झाली, की तिच्या रसिकवर्गात एक विरोधाभास दिसू लागतो. 'ही कलाच नव्हे' या आक्षेपाविरुद्ध ज्यांनी तिची बाजू मांडलेली असते, तेच रसिक पुढच्या पिढीच्या निर्मितीवर नेमका हाच आक्षेप घेऊ लागतात. अमेरिकेतील हिप-हॉप आज या अवस्थेला पोहोचले आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत झालेल्या एका मेजवानीपासून या परंपरेचा आरंभ मानला जातो. मूळ जमैकाचा असलेला डीजे कूल हर्क एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने वाजवून त्यातील केवळ तालाचा तुकडा लांबवीत असे. या तालावर म्हटलेल्या बोलांतून रॅप विकसित झाले. १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' या ध्वनिमुद्रिकेने ते देशभर पोहोचविले. त्या काळी अनेक जाणत्या श्रोत्यांना त्यात स्वर नाही, वाद्य नाही, म्हणून संगीतच नाही असे वाटले. आज त्या पहिल्या पिढ्यांचे रसिक पन्नाशी-साठीत आहेत, आणि नव्या रॅपमध्ये शब्द नाहीत, म्हणून ते रॅपच नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

ही तक्रार केवळ वयाचा परिणाम म्हणून सोडून देता येणार नाही, आणि जशीच्या तशी स्वीकारताही येणार नाही. आस्वादाला अडथळा नेमका कोठे होतो हे प्रथम पाहावयास हवे. त्यासाठी अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी तीन विघ्ने येथे उपयोगी पडतात : स्फुटत्वाभाव, अप्रधानता आणि निजसुखादिविवशीभाव. ही परिभाषा नाट्याच्या संदर्भात सिद्ध झाली असली, तरी आस्वादक्रियेचे तिने केलेले विश्लेषण नाट्यापुरते मर्यादित नाही.

(२)

जुन्या रसिकाची अभिरुची घडली ती साधारणतः १९८६ ते १९९६ या दशकात. हिप-हॉपच्या इतिहासात याच सुमाराच्या काळाला 'सुवर्णकाळ' म्हटले जाते. १९८७ च्या 'पेड इन फुल' या संग्रहात रकीमने यमकाची जागाच बदलली. ओळीच्या शेवटी येणारे यमक त्याने ओळीच्या पोटात नेले, वाक्य ओळीच्या सीमेपलीकडे वाहू दिले, आणि रॅपच्या पद्यबंधाला गुंतागुंतीच्या अंतर्यमकांची सवय लावली. १९८८ मध्ये 'पब्लिक एनिमी' या गटाने असंख्य जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे एकावर एक रचून राजकीय भाषणाच्या आवेशाचे रॅप निर्माण केले. १९९४ मध्ये नॅसचा 'इल्मॅटिक' आला. 'द सोर्स' या मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक हे सर्वोच्च गुणांकन दिले.

या काळात श्रवणाची एक शिस्त तयार झाली. ध्वनिफीत मागे नेऊन तीच ओळ पुन्हा ऐकणे, श्लेष उलगडणे, ठेक्यात वापरलेला तुकडा कोणाच्या गाण्यातून घेतला आहे हे शोधणे, ही त्या रसिकाची साधना होती. जेम्स ब्राउनची जुनी तबकडी त्याला अशा शोधातूनच सापडली. म्हणजे त्याचे ऐकणे हे एका अर्थी वाचनच होते. शब्द हे त्याच्या आस्वादाचे केंद्र होते, आणि परंपरेचे ज्ञान हा त्या आस्वादातील अधिकार होता. हान्स रॉबर्ट याउसने १९६७ च्या व्याख्यानात मांडलेली 'अपेक्षाक्षितिजा'ची कल्पना येथे चपखल बसते. या रसिकाचे अपेक्षाक्षितिज शब्दाने आखलेले होते.

(३)

त्यानंतर रॅपमध्ये जे बदल झाले, त्यांना नव्या पिढीचा आळस हे एकच कारण देता येत नाही. पहिला बदल न्यायालयातून आला. डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपकाराविरुद्धच्या दाव्यात न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने परवानगीवाचून तुकडा उचलण्यास चोरी ठरविले. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी व मोबदला आवश्यक झाला, आणि अनेक तुकड्यांच्या थरांची रचना आर्थिकदृष्ट्या अवघड बनली.

दुसरा बदल भूगोलाचा. कलेचे केंद्र न्यूयॉर्ककडून दक्षिणेकडे, विशेषतः अॅटलांटाकडे सरकले. टी.आय.च्या 'ट्रॅप म्युझिक' (२००३) या संग्रहाच्या नावात आलेली 'ट्रॅप' ही संज्ञा पुढे एका संपूर्ण शैलीचे नाव झाली. रोलँड टीआर-८०८ या तालयंत्राचा घुमणारा खर्ज हा तिचा पाया. हे यंत्र १९८० ते १९८३ या काळात तयार होत होते आणि १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक'मध्येही ते आहे. म्हणजे नव्याचा हा पाया वस्तुतः जुनाच आहे.

तिसरा बदल उच्चाराचा. २०१३ मध्ये 'मिगोस' या गटाच्या 'व्हर्साची'मुळे एका मात्रेचे तीन समान भाग करून त्यांत शब्द बसविण्याची पद्धत सर्वत्र पसरली. भारतीय परिभाषेत ही तिस्र जाती होय. मेम्फिसच्या 'थ्री सिक्स माफिया'ने ती नव्वदच्या दशकातच हाताळली होती. चौथा बदल कंठाचा. स्वर दुरुस्त करण्यासाठी १९९७ मध्ये बाजारात आलेल्या ऑटो-ट्यूनचा उपयोग टी-पेनने स्वर मुद्दाम कृत्रिम करण्यासाठी केला. २००८ मध्ये कान्ये वेस्टने '८०८स अँड हार्टब्रेक' या संग्रहात त्याच कृत्रिम स्वराला विरहाची आणि शोकाची भाषा बनविले. पुढे फ्यूचर, यंग थग, प्लेबॉय कार्टी यांच्या रचनांत कंठ हेच मुख्य वाद्य झाले.

(४)

आता या बदलांसमोर जुन्या रसिकाला होणाऱ्या विघ्नांकडे वळता येईल. तो स्वतः ज्या विघ्नाचे नाव घेतो ते स्फुटत्वाभावाचे. 'शब्द कळत नाहीत' ही त्याची पहिली तक्रार, आणि 'पुटपुटे रॅप' हे त्याने दिलेले हेटाळणीचे नाव. परंतु शब्द अस्फुट असणे हे स्वतः विघ्न नसते. कीर्तनाच्या गजरात किंवा तराण्यात शब्दार्थ मागे पडला म्हणून आस्वाद थांबत नाही. शब्दार्थ हा जेथे प्रधान मानला आहे, तेथेच त्याची अस्फुटता विघ्न ठरते.

म्हणून खरे विघ्न अप्रधानतेचे आहे. जे अप्रधान आहे त्यावर चित्त स्थिरावत नाही, असा या विघ्नाचा आशय. नव्या रॅपमध्ये आवाजाचा पोत, खर्जाची कंपने, मुख्य ओळीच्या पाठीमागून येणारे उद्गार आणि त्यांची पुनरावृत्ती हे प्रधान आहे. शब्द त्यांचे अंग आहेत. 'मिगोस'च्या रचनांतील पाठीमागचे उद्गार पोवाड्यातील झीलकऱ्यांच्या 'जी जी'चे स्मरण करून देतात. त्यांना कोशातला अर्थ नसतो. पण ते काढून टाकले तर रचनेचा डोलारा कोसळतो. जुना रसिक मात्र सवयीने शब्दावर चित्त ठेवून बसतो, म्हणजे अप्रधानापाशी प्रधानाची वाट पाहत राहतो. त्याला जे रितेपण जाणवते ते खोटे नाही. परंतु तो जेथे पाहतो आहे तेथलेच ते रितेपण आहे.

तिसरे विघ्न अधिक खोल आहे. निजसुखादिविवशीभाव म्हणजे स्वतःच्या सुखदुःखांनी वेढले गेल्यामुळे चित्त अन्यत्र विश्रांत न होणे. हॉलब्रूक व शिंडलर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, श्रोत्याच्या वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या सुमारास लोकप्रिय असलेल्या गाण्यांना सर्वाधिक पसंती मिळते असे आढळले. हिप-हॉपच्या रसिकाबाबत हे नाते अधिक घट्ट आहे. त्याने ते संगीत केवळ ऐकले नाही. त्यातून पोशाख घेतला, भाषा घेतली, मित्र जोडले, आणि कृष्णवर्णीय श्रोत्याने तर त्यात आपल्या वस्तीचे वास्तव प्रथमच प्रतिष्ठेने उच्चारलेले ऐकले. त्यामुळे नव्या रॅपच्या न आवडण्यात त्याला स्वतःच्या तारुण्याचे नाकारले जाणे ऐकू येते. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात लिल उझी व्हर्ट या तरुण रॅपकाराने डीजे प्रीमियरच्या गाजलेल्या ठेक्यावर रॅप म्हणण्यास नकार दिला, तेव्हा उठलेल्या वादाची तीव्रता या पार्श्वभूमीवरच समजते. एका तरुणाची ती आवडनिवड होती. अनेक ज्येष्ठांना तो देव्हाऱ्याचा अपमान वाटला.

येथे एक सूक्ष्म विरोध लक्षात घ्यावयास हवा. अभिनवगुप्ताच्या मते हे विघ्न दूर करण्यासाठी रंगभूमीवर गीतवाद्यांची योजना असते. संगीत प्रेक्षकाला त्याच्या खाजगी सुखदुःखातून बाहेर काढते. जुन्या हिप-हॉप रसिकाच्या बाबतीत संगीतच त्याच्या खाजगी सुखदुःखाचे भांडार झाले आहे. जो उपाय, तोच येथे विघ्नाचे कारण ठरतो.

(५)

अशी तक्रार करणारा हा पहिला रसिक नव्हे. कवी फिलिप लार्किन याने १९६१ ते १९७१ या काळात 'डेली टेलिग्राफ'मध्ये जॅझ संगीताची परीक्षणे लिहिली. आर्मस्ट्राँगवर जीव असलेल्या लार्किनला चार्ली पार्करपासूनचे जॅझ सहन होत नसे. 'ऑल व्हॉट जॅझ' (१९७०) च्या प्रस्तावनेत त्याने पार्करला पाउंड व पिकासो यांच्या पंक्तीला बसवून आधुनिकतावादावरच दोषारोप केला. आज पार्कर अभिजात मानला जातो, आणि लार्किनची परीक्षणेही वाचली जातात. त्यांचे मोल निर्णयांपेक्षा ऐकण्याच्या प्रामाणिकपणात आहे.

हिप-हॉपमध्येही ही तक्रार नवी नाही. कॉमन या रॅपकाराने 'आय यूज्ड टू लव्ह एच.ई.आर.' या गीतात हिप-हॉपला वाट चुकलेल्या प्रेयसीचे रूप दिले ते १९९४ मध्ये, म्हणजे 'इल्मॅटिक'च्याच वर्षी. नॅसने आपल्या संग्रहाला 'हिप-हॉप इज डेड' हे नाव दिले ते २००६ मध्ये. जे-झीने २००९ मध्ये ऑटो-ट्यूनच्या मृत्यूची घोषणा केली. ऱ्हासाची जाणीव ही या परंपरेची जवळजवळ सोबतीणच आहे. जो काळ एकाला सुवर्णाचा वाटतो, त्याच काळात दुसरा शोकगीत गात होता.

(६)

तरीही जुन्या रसिकाच्या तक्रारीत तथ्याचा अंश उरतोच. आजचे श्रवण प्रामुख्याने इंटरनेटवरील प्रवाही सेवांतून होते. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की गाण्याचे एक श्रवण मोजले जाते. अशा व्यवस्थेत आरंभीच पकड घेणाऱ्या आखूड गाण्याला लाभ होतो. लिल नास एक्सच्या 'ओल्ड टाउन रोड'ची मूळ आवृत्ती दोन मिनिटांहूनही लहान होती. कथन फुलविणाऱ्या तीन दीर्घ कडव्यांची जागा आक्रसली असेल, तर ते केवळ अभिरुचीचे परिवर्तन नव्हे. तो बाजाराचा दाबही आहे. जुना रसिक हे ओळखू शकतो, कारण त्याला आधीची व्यवस्था ठाऊक आहे.

दुसरी तक्रार परंपरेच्या विस्मरणाची. तिचाही दोष सर्वस्वी तरुणांचा नाही. 'डे ला सोल' या गटाचा १९८९ चा पहिला संग्रह, मुख्यतः तुकड्यांच्या परवानग्यांच्या गुंत्यामुळे, मार्च २०२३ पर्यंत या प्रवाही सेवांवर उपलब्धच नव्हता. जो वारसा दुकानाच्या फळीवरून नाहीसा झाला, तो न वाचल्याबद्दल वारसाला दोष देणे न्याय्य नव्हे.

या वादात केंड्रिक लमारचे नाव नेहमी पुढे केले जाते. २०१७ च्या 'डॅम' या संग्रहासाठी त्याला २०१८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. अभिजात व जॅझ संगीताच्या बाहेरील कृतीला मिळालेले ते संगीताचे पहिले पुलित्झर. 'नवे आवडत नाही असे नाही, लमार आवडतो', असे जुना रसिक म्हणतो. परंतु लमारची आवड हा नव्याच्या स्वीकाराचा पुरावा मानता येत नाही. दाट शब्द, कथन आणि परंपरेचे संदर्भ यांमुळे लमार जुन्या अपेक्षाक्षितिजाची पूर्ती करतो. क्षितिजाची पूर्ती आणि क्षितिजाचा विस्तार या भिन्न गोष्टी आहेत. विस्ताराची कसोटी लमार नव्हे, कार्टी आहे.

(७)

या विवेचनातून एक भेद स्पष्ट होतो. 'मला आस्वाद घेता येत नाही' हे विधान रसिकाविषयी आहे. 'यात आस्वाद्य काही नाही' हे विधान कृतीविषयी आहे. पहिले विधान प्रामाणिक असू शकते आणि त्यात कमीपणाही नाही. दुसरे विधान करण्यापूर्वी कृतीत प्रधान काय आहे हे ओळखून तेथे चित्त ठेवून पाहिलेले असावे लागते. एवढे करूनही कृती पोकळ भासली, तर तो निर्णय अधिकाराचा ठरतो, आणि अशा निर्णयाची या परंपरेला गरज आहे. कारण तुलना करण्याइतकी दीर्घ स्मृती आज जुन्या रसिकापाशीच आहे. त्याने ऐकणे सोडले, तर नव्या पिढीला चाहते मिळतील, पण समीक्षक मिळणार नाहीत.

ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या 'सोर्स' पारितोषिकांच्या समारंभात अॅटलांटाच्या 'आउटकास्ट' या जोडीला नवोदित गटाचे पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा प्रेक्षागृहाने त्यांची हुर्यो उडविली. सुवर्णकाळातल्याच जाणत्या श्रोत्यांना हे दक्षिणी उच्चार रॅपचे वाटले नव्हते. २००४ मध्ये याच जोडीच्या संग्रहाला ग्रॅमीचे 'वर्षातील सर्वोत्तम संग्रह' हे पारितोषिक मिळाले, आणि आज जुना रसिक ज्या काळासाठी हळहळतो, त्या काळाच्या वैभवात तो 'आउटकास्ट'चीही गणना करतो. त्या प्रेक्षागृहातील कान जाणते होतेच. फक्त ते दुसऱ्या आवाजाची वाट पाहत होते.