आधी उंट बांधा

अपघात झाला की गाडी चालवणारा बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "एकदम समोर आलं." गाय, शाळकरी मूल, खड्डा, उलट दिशेने येणारी मोटारसायकल, सगळे एकदमच येते. पण पेण-रोहा रस्त्यावर रोज जा-ये करणाऱ्याला विचारा. कुठे आणि कोणत्या वेळी काय आडवे येते, हे तो बोटांवर मोजून सांगेल. म्हणजे धोका ओळखीचाच असतो, आपले लक्ष मात्र त्याच्याकडे नसते.

पेण सोडल्यावर वडखळपर्यंत अलिबागची वाहतूक आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याचे लांब ट्रेलर सोबतीला असतात. ट्रेलर वळताना त्याची मागची चाके आतल्या बाजूला सरकतात. त्या फटीत शिरलेला दुचाकीस्वार चालकाला दिसतच नाही. समोरची मिनिडोर रस्त्याकडेच्या माणसाचा हात दिसला की जागच्या जागी थांबते, तिच्यामागे चिकटून जाऊ नये. थांबलेल्या एसटीच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणारच, असे धरूनच वेग कमी करावा.

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्यामुळे चार पदरांचा रस्ता मध्येच दोन पदरी होतो, वळण बदलते, समोरची वाहने आपल्याच बाजूला येतात. रस्ता पाठ आहे, हा विश्वास इथे महागात पडतो.

नागोठण्याला अंबा नदी पावसाळ्यात काठ सोडते. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहत्या पाण्यातही लहान गाडी तरंगू लागते, दोन फुटांत मोठीही वाहून जाऊ शकते. पुढे भिसे खिंडीतून थेट रोह्याला जा किंवा सुकेळी खिंड ओलांडून कोलाडमार्गे जा, वळणावर ओव्हरटेक नको. उतारावर खालचा गिअर ठेवा. मुसळधार पावसात दरडीच्या कडेला गाडी उभी करू नका. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे टँकर ये-जा करतात. उलटलेला किंवा गळणारा टँकर दिसला तर बघायला थांबू नका. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला दूर जा आणि ११२ वर कळवा.

आपल्या कोकणी घरांत रात्रीचा प्रवास ठरलेलाच. आखातातून येणाऱ्या मुलाला आणायला गाडी मुंबईच्या विमानतळावर जाते आणि पहाटे परतते. झोपेची खरी वेळ तीच. डोळ्यांवर झापड आली की चहा किंवा गाणी उपयोगाची नाहीत. उजेडाच्या जागी गाडी थांबवून वीस मिनिटे झोपणे हाच उपाय. रात्री पावसाळ्यात गुरे कोरड्या डांबरावर येऊन बसतात, तीही लक्षात ठेवावीत. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. धोका दिसून ब्रेक दाबून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही ५५ ते ६० मीटर लागतात. डिपरचा उजेड बऱ्याचदा तेवढा लांब पोहोचत नाही. उजेडाच्या टप्प्यात गाडी थांबवता येईल, एवढाच वेग ठेवावा.

रमजानमध्ये मगरिबच्या आधीची पंधरा मिनिटे अशीच घाईची. घरी जाऊनच रोजा सोडण्याचा हट्ट नको. खजूर आणि पाण्याची बाटली गाडीत असली की वेळही गाठली जाते आणि जीवही सांभाळला जातो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. त्या काळोखात जवळच्या गॅरेजमधल्या माणसाच्या लक्षात आले की पुलावर गेलेल्या गाडीचे दिवे अचानक नाहीसे झाले. मग मागून येणारी वाहने थांबवली गेली. एका माणसाचे लक्ष जागेवर होते म्हणून कित्येक कुटुंबे वाचली.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानचाच एक भाग सांगितला आहे. त्यात काटा येतो, दगड येतो आणि आपली बेफाम गाडीही येते. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधायला सांगितले. सवारीची दुआ पढून सीटबेल्ट न लावणारा, हेल्मेट हँडलला अडकवणारा, लेकराला पुढच्या सीटवर मांडीवर घेणारा उंट न बांधताच निघालेला असतो.

अपघात दिसला तर १०८ वर रुग्णवाहिका मागवा. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुढे निघून जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

शेवटी घरात थांबणाऱ्यांसाठी. "कुठे पोहोचलास?" असा फोन चालकाला करू नका, शेजारी बसलेल्याला करा. जेवण थंड झाले तर पुन्हा गरम करता येते, हे निघतानाच त्याला सांगून ठेवा.