दुखणं मोजायचं कसं?

गुडघा दुखत असेल तर माणूस चारचौघांत सांगतो. दाढ दुखत असेल तर गालावर हात ठेवून घरभर हिंडतो. पण ओटीपोटात, लघवीच्या पिशवीत दुखत असेल तर सांगायचं कुणाला? आणि सांगितलं तरी पटवायचं कसं? पिशवी भरत आली की कळ येते, रिकामी झाली की जरा बरं वाटतं आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. दिवसातून वीस-वीस, तीस-तीस वेळा उठायचं. रात्रीची झोप नाही. प्रवास नको वाटतो, लग्नकार्य नको वाटतं. लघवी तपासावी तर जंतू सापडत नाहीत. सोनोग्राफीत काही दिसत नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि बाई मात्र बेजार! मग घरचीच माणसं म्हणू लागतात, 'तू फार मनाला लावून घेतेस.'

या आजाराला डॉक्टर 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' किंवा 'ब्लॅडर पेन सिंड्रोम' म्हणतात. सोप्या मराठीत मूत्राशयाचं जुनाट दुखणं. बायकांमध्ये जास्त आढळतं, पुरुषांनाही होतं. आजार नवा नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे डॉक्टर गाय हनर यांनी 1915 साली काही रुग्ण बायकांच्या मूत्राशयात दिसलेल्या विशिष्ट व्रणांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते व्रण आजही त्यांच्याच नावानं ओळखले जातात. पण बहुतेक रुग्णांच्या मूत्राशयात असा व्रण नसतोच. दुर्बिणीतून काही दिसत नाही म्हटल्यावर पुढं कित्येक वर्षं हा आजार मनाच्या खात्यावर टाकला गेला.

ही समजूत हलवली ती रुग्णांनी. विकी रॅटनर ही वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी स्वतःच या दुखण्यानं हैराण झाली होती. तिनं 1984 साली अमेरिकेत रुग्णांची संघटना उभी केली. या बायका सरकारदरबारी गेल्या, संशोधनासाठी पैसा मागू लागल्या. 1987 साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञांची बैठक बोलावली. संशोधनात कोणाला 'रुग्ण' म्हणायचं, याचे निकष ठरले. पुढं 1999 साली असं दिसून आलं की, हे निकष जसेच्या तसे लावले तर अनुभवी डॉक्टर ज्यांना या आजाराचे रुग्ण मानतात, त्यांतले निम्म्याहून जास्त बाहेरच राहतात. म्हणजे चाचणीचा दरवाजा इतका अरुंद की, खरी दुखणाईतही आत जाऊ शकत नव्हती.

दुसरा प्रश्न मोजण्याचा. ताप थर्मामीटरवर दिसतो, साखर रक्तात मोजता येते. दुखणं कशानं मोजायचं? आम्ही कवी मंडळी वेदनेवर भरपूर लिहितो, पण ती काल किती होती आणि आज किती आहे, असं कोणी विचारलं तर आम्हीही गप्प बसू. संशोधकांना गप्प बसून चालत नाही. त्यांनी प्रश्नावल्या तयार केल्या. 1997 पासून वापरात असलेली एक प्रश्नावली रुग्णाला विचारते : गेल्या महिन्यात घाईची लघवी किती वेळा लागली? रात्री किती वेळा उठलात? जळजळ किती होती? उत्तरांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. म्हणजे मोजपट्टी रुग्णाच्याच हातात. ती जे सांगेल ते खरं, असं धरूनच पुढचं सगळं शास्त्र उभं राहतं.

पण इथंच एक मोठी अडचण येते. हे दुखणं कमी-जास्त होत राहतं. अगदी असह्य झालं की माणूस डॉक्टरकडं जातो आणि त्यानंतर ते आपसूकही थोडं उतरतं. शिवाय औषध मिळालं या दिलाशानंच काहींना बरं वाटतं. मग गुण औषधाचा की काळाचा? हे ठरवण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे गट पाडतात. एका गटाला खरं औषध, दुसऱ्याला दिसायला तसंच, पण औषध नसलेलं काहीतरी. त्याला 'प्लासिबो' म्हणतात. कोणाला काय मिळालं, हे रुग्णालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसतं.

याचं मोल एका उदाहरणावरून कळेल. बीसीजी ही क्षयाची लस आपल्या ओळखीची. मूत्राशयाच्या कर्करोगात ती पिशवीत सोडतात. दुखण्यावरही ती चालेल का, असा विचार पुढं आला. 1997 साली 30 रुग्णांवर झालेल्या चाचणीत बीसीजी घेतलेल्यांपैकी 60 टक्क्यांना आराम पडला, प्लासिबोवर 27 टक्क्यांना. आशा वाढली. मग 265 रुग्णांची मोठी चाचणी झाली. तिचा निकाल 2005 साली आला : बीसीजीवर 21 टक्के, प्लासिबोवर 12. एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं हिशेबानं ठरलं. लहान चाचणीत दिसलेला उजेड मोठ्या चाचणीत टिकला नाही.

दुसरी कहाणी गोळ्यांची. पेंटोसान हे बीच नावाच्या झाडाच्या लाकडातल्या द्रव्यापासून बनवलेलं औषध. मूत्राशयाच्या आतल्या बाजूला संरक्षक थर असतो, तो विरळ झाला की लघवीतले क्षार आत झोंबतात आणि हे औषध तो थर भरून काढतं, अशी कल्पना. 1996 साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आधीच्या एका चाचणीत औषधावर 38 टक्के आणि प्लासिबोवर 18 टक्के रुग्णांचं दुखणं निम्म्याहून अधिक कमी झालं होतं. 2015 साली 368 रुग्णांच्या मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. प्लासिबोवर 40.7 टक्क्यांना आराम, मंजूर मात्रेवर 42.6 टक्क्यांना. म्हणजे जवळपास बरोबरी!

त्यानंतर 2018 साली अटलांटाच्या नेत्रतज्ज्ञांना वेगळंच काही दिसलं. हे औषध वर्षानुवर्षं घेतलेल्या काही रुग्णांच्या दृष्टिपटलावर, नेमक्या पाहण्याच्या जागी, बिघाड झाला होता. 2020 साली अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा आला. चाचण्या काही महिन्यांच्या होत्या. दहा-पंधरा वर्षांनी होणारी इजा त्यांत दिसणार कशी? म्हणून औषध बाजारात आल्यावरही डोळे उघडे ठेवावे लागतात. ही गोळी चालू असेल तर घाबरून स्वतःच बंद करू नये, पण डॉक्टरांशी बोलून डोळे तपासून घ्यावेत.

मग हाती लागलं ते काय? एक चांगली गोष्ट 2012 साली कळली. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुखरे, ताठलेले असलेल्या 81 बायकांना दोन गटांत विभागलं. एका गटाच्या त्या स्नायूंवर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टनं हातानं उपचार केले, दुसऱ्या गटाला सर्वांगाचं मालिश दिलं. पहिल्या गटातल्या 59 टक्के बायकांना चांगला आराम मिळाला, दुसऱ्या गटात 26 टक्क्यांना. गोळी नाही, सुई नाही. दुखऱ्या जागेची जाण असलेला हात. ज्यांच्या मूत्राशयात हनरचा व्रण सापडतो, त्यांना तो दुर्बिणीतून जाळण्याचाही उपयोग होतो. आता तज्ज्ञ सांगतात की हा एकच आजार नसून अनेक दुखण्यांचं एक नाव असावं. सगळ्यांना एकच औषध देऊन चाचणी केली तर ज्याला गुण आला तो, ज्याला आला नाही त्याच्या गर्दीत हरवून जातो.

आपल्याकडे कोणी अशा चाचणीत भाग घ्यायला सांगितलं तर काय करावं? भारतात 2009 पासून चाचणीची सरकारी नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक विचारावा. नैतिक समितीची मान्यता आहे का, ते विचारावं. संमतीपत्र आपल्या भाषेत मागून घ्यावं, घरी आणून वाचावं. औषधाऐवजी प्लासिबो मिळू शकतो का, इजा झाली तर उपचार कोण करणार, हेही विचारावं. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार मिळायला हवेत. आणि मध्येच बाहेर पडायचा हक्क कधीही आपलाच असतो.

बीसीजीच्या त्या मोठ्या चाचणीत निम्म्या रुग्णांनी सहा आठवडे दर आठवड्याला नळी घालून घेतली आणि आत गेलं ते औषध नव्हतंच. त्यांच्या त्या सोसण्यामुळं पुढच्या रुग्णांचा एक निरुपयोगी उपचार वाचला. ज्या बायकांना आधी कोणी खरं मानत नव्हतं, त्यांचाच शब्द तिथं पुरावा म्हणून लिहून घेतला गेला. आपल्या घरात कोणी हे दुखणं सांगितलं, तर रिपोर्ट बघण्याआधी तिचं ऐकून घ्यावं. तपासणीची सुरुवात तिथूनच होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)