ब्रिस्टल, १९२७ : कंट्री संगीताच्या इतिहासातील एक सीमास्तंभ

अमेरिकेतील कंट्री संगीताचा इतिहास १९२७ सालच्या ब्रिस्टल येथील ध्वनिमुद्रणापासून मोजण्याचा प्रघात आहे. १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या गावास कंट्री संगीताचे जन्मस्थान म्हणून मान्यताही दिली. परंतु केवळ सनावळी पाहिली तर हा मान ब्रिस्टलकडे जात नाही. फिडलवादक अलेक्झांडर रॉबर्टसन याचे वादन व्हिक्टर कंपनीने १९२२ मध्येच न्यूयॉर्क येथे मुद्रित केले होते. पुढील वर्षी जूनमध्ये राल्फ पिअर याने ओके कंपनीसाठी अटलांटा येथे जॉन कार्सनचे गायन मुद्रित केले. ते स्वतः पिअरला मुळीच आवडले नव्हते, तरी तबकडीच्या पहिल्या ५०० प्रती हातोहात खपल्या. नॅशव्हिलच्या ज्या नभोवाणी-कार्यक्रमास पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव मिळाले, तोही १९२५ मधील.

मग ब्रिस्टलचेच महत्त्व कशासाठी? कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांचे पहिले ध्वनिमुद्रण तेथे झाले, हे नेहमीचे उत्तर चूक नाही. तथापि आमच्या मते त्याहून विचारार्ह आहे तो पिअरने व्हिक्टर कंपनीशी केलेला करार. त्याने वेतनावर जवळजवळ पाणी सोडले व त्याच्या मोबदल्यात मुद्रित गीतांचे प्रकाशनाधिकार मागून घेतले. जे गीत पूर्वीच कोणाच्या नावे नोंदले गेले होते, ते त्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरले. त्यास हवी होती नवी रचना, किंवा कर्ता अज्ञात असलेले व थोड्या फेरफाराने गायकाच्या नावे नोंदविता येईल असे जुने गीत.

टेनेसी व व्हर्जिनिया या राज्यांची सीमा या गावाच्या मुख्य रस्त्यामधूनच जाते. तेथील एका जुन्या वखारीत २५ जुलै ते ५ ऑगस्ट या काळात १९ गायकवादक व संचांची ७६ मुद्रणे झाली. अर्नेस्ट स्टोनमन या गायकास आदल्या वर्षी तबकड्यांपासून ३,६०० डॉलर मिळाल्याचे वृत्त स्थानिक पत्राने छापताच डोंगराळ भागातून माणसांची रीघ लागली. विद्युत्-ध्वनिमुद्रणाची पद्धती दोनच वर्षांपूर्वी रूढ झाली होती. त्यामुळे अठरा वर्षांच्या मेबेल कार्टरचे गिटारवादन, ज्यात अंगठा खर्जाच्या तारांवर चाल वाजवितो आणि बोटे वरच्या तारांवर ठेका धरतात, ते प्रथमच स्पष्टपणे ऐकू आले.

कराराचा परिणाम पुढील वर्षांत दिसतो. नोंदविण्याजोग्या गीतांच्या शोधात ए. पी. कार्टर खेडोपाडी हिंडू लागला. लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक पुष्कळदा त्याच्या सोबत असे. कार्टर शब्द उतरवून घेई, रिडल चाल स्मरणात ठेवी. गीते मात्र कार्टरच्या नावे नोंदली गेली. ज्यास आपण परंपरेचा संग्रह समजतो, त्याची निवड अशा रीतीने अंशतः प्रकाशनव्यवहाराने केली आहे. लोकगीताच्या अभ्यासकाने तबकडीस पुरावा मानताना हे ध्यानी ठेवले पाहिजे.

दुसरी चाळणी वर्णाची. बँजो हे वाद्य मुळात आफ्रिकी वंशाच्या गुलामांबरोबर आले, फिडल युरोपीयांचे. दोन्ही एकत्र वाजत होती. कंपन्यांनी मात्र मालाच्या सूचीत भिंत उभी केली: कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस’ नावाची एक मालिका, श्वेतांसाठी जुन्या चालींची दुसरी. ब्रिस्टल येथे एल वॉटसन या कृष्णवर्णीय हार्मोनिकावादकास श्वेत गिटारवादकाने साथ केली, ती खोली एकच होती. विक्रीच्या वेळी वाटा वेगळ्या झाल्या. डीफर्ड बेली हा ‘ऑप्री’वरील अत्यंत लोकप्रिय हार्मोनिकावादक, १९४१ मध्ये त्यास काढून टाकण्यात आले आणि कंट्री संगीताच्या सन्मान-मंदिरात त्यास स्थान मिळावयास २००५ साल उजाडले.

१६ जुलै १९३० रोजी लॉस एंजलिस येथे जिमी रॉजर्सने ‘ब्लू योडेल’ मालिकेतील नववे गीत मुद्रित केले. त्यात ट्रम्पेट वाजविणारा लुई आर्मस्ट्राँग होता. तबकडीवर नाव छापले गेले ते रॉजर्सचे; आर्मस्ट्राँगचे नाही.